मी माळ झाडला

शाळेत हजेरी घेताना मी 'हजर' इतक्या हळू म्हणायचे की गुरुजी माझ्या नावापुढं गैरहजेरीची खूण करून पुढं जायचे. मी पहिल्या ओळीत बसलेली, आणि हजेरीपटावर मी नाही. चौथीच्या शेवटी गुरुजींनी वडिलांना सांगितलं, मुलगी शाळेत फार कमी येते. वडिलांना वाटलं, येतच नाही तर पाठवायची कशाला. माझं शिक्षण असं संपलं. एक शब्द मोठ्यानं बोलले असते तर पाचवीत गेले असते.

लेकीच्या कॉलेजच्या वह्यांत मागची पानं कोरी राहिली आहेत, ती वाया जाऊ नयेत म्हणून लिहिते. हे कुणी वाचणार नाही, म्हणूनच लिहायला जमतंय.

आमचं गाव मैंदर्गी आणि दुधनीच्या मध्ये. गावाच्या वरच्या अंगाला गायरानाचा माळ आहे आणि माळाला लागून आमचं शेत. शेत म्हणजे तेही आधी माळच होतं. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी बोअर घेतलं, पाणी लागलं, आणि ट्रॅक्टर आणून दोन दिवसांत सगळं नांगरून टाकलं. तेव्हापासून तिथं तूर आणि ज्वारी होते. बांधाच्या अलीकडं शेत, पलीकडं माळ. त्या माळावर माझी थोरली जाऊ मेंढरं राखते. तिला मी अक्का म्हणते. थोरले दीर गेल्यापासून मेंढरं हाच तिचा संसार. मी जितकी मुकी तितकी ती बोलकी. अक्कानं माळावरून हाक मारली की कर्नाटकातली मेंढरंसुद्धा मान वर करतात, असं आमचे हे म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी, पाऊस संपता संपता, पुण्याच्या एका संस्थेतली एक मुलगी गावात आली. पाठीवर मोठी पिशवी, हातात पाटीसारखा मोबाईल. तिला माळ आणि शेत शेजारी-शेजारी असलेली जागा हवी होती. ग्रामसेवकानं आमचा बांध दाखवला. हे दुधनीला बाजाराला गेले होते, म्हणून ती माझ्या वाट्याला आली.

"जमीन एका कामावरून काढून दुसऱ्या कामाला लावली ना काकू, की तिच्यातला कार्बन हवेत जातो," ती म्हणाली. "तो किती गेला ते आम्ही मोजतोय."

मी मान हलवली. मी सगळ्यालाच मान हलवते. मान हलवली की समोरचा माणूस लवकर गप्प होतो, हा माझा अनुभव आहे. पण ही मुलगी हुशार होती. मला काही कळलं नाही हे तिला कळलं.

"गवत हवेतला वायू घेतं आणि मुळांवाटे जमिनीत साठवतं. वर्षानुवर्षं. नांगर फिरला की जमीन उघडी पडते, साठवलेलं कुजतं आणि परत हवेत जातं."

गेलेलं कसं मोजणार, हा प्रश्न माझ्या मनात आला. तोंडात अर्थातच आला नाही. तिनं आपणहूनच उत्तर दिलं. "गेलेलं मोजता येत नाही. म्हणून राहिलेलं मोजायचं. हा माळ म्हणजे तुमच्या शेताचं 'आधी'. हे शेत म्हणजे 'नंतर'. माळाच्या मातीत आणि गवतात किती आहे, शेतात किती आहे, दोन्हींतला फरक म्हणजे हवेत गेलेलं."

हे मात्र मला लगेच समजलं. माहेरी गेले की आई माझ्या धाकट्या बहिणीकडं बोट दाखवून म्हणायची, "बघ, लग्नाआधी तू पण अशीच होतीस." दोघींतला फरक म्हणजे माझा संसार.

तिच्या पाटीवर सहा चौकटी होत्या. जंगल, शेती, गवताळ, पाणथळ, वस्ती आणि इतर. जगातली सगळी जमीन यांतल्या एका चौकटीत बसवायची, असं ती म्हणाली. मग विचारलं, "नांगरायच्या आधी इथं काय होतं, काकू?"

"काय नव्हतं."

मी खोटं बोलले नाही. आमच्याकडं माळ म्हणजे काही नाही. कुटं निघालीस म्हणून कुणी विचारलं की आम्ही सांगतो, "कुटं न्हाय, माळावर." माळावर काय हाय म्हटलं तर, "काय न्हाय, गवत." गवत हे कधी काही असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"काहीच नाही?" तिनं माळाकडं बघितलं. गुडघाभर गवत वाऱ्यावर हलत होतं.

मी मान हलवली.

"बरं. सध्या 'इतर' लिहिते. मोजल्यावर नक्की करू."

मग तिनं माळावर चार ठिकाणी लाल खुंट्या ठोकल्या, दोरीनं चार चौकोन आखले. चौकोन एखाद्या चुलीपुढच्या जागेएवढा. तसेच चार आमच्या शेतात. चौकोन कुठं पडायचे ते मोबाईल सांगतो, माणसानं आपल्या मनानं निवडायचे नसतात. दुपारी तिनं माझी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली, आणि निघताना म्हणाली, "पंधरा दिवसांनी गवत कापून वजन करायचंय. तोवर हे चौकोन नीट राहतील एवढं बघाल ना?"

मला आयुष्यात कुणी काही सोपवलं नव्हतं. स्वयंपाक, धुणं, गुरं ही सोपवलेली नव्हती, ती अंगावर पडलेली होती. हे चौकोन मात्र कुणीतरी विश्वासानं माझ्या हातात दिले होते. मी रोज तिन्हीसांजेला बांधावरून चार चौकोन मोजून यायचे. चारही जागेवर असायचे. कुठं जाणार?

मधे दिवाळी आली. घर झाडलं, भिंती पुसल्या, अंगण सारवलं. हाताला एकदा झाडायची सवय लागली की हात थांबत नाही. पाव्हणे येणार त्याच्या आदल्या दिवशी मी चौकोन बघायला गेले आणि मला लाज वाटली. आत कुसळं, पवन्याचं गवत, वाळलेल्या लेंड्या, कसल्या तरी काड्या. पुण्याहून माणसं येणार आणि माझ्या ताब्यातली जागा ही अशी!

मी घरून विळा, खुरपं आणि केरसुणी आणली. चारही चौकोनांतलं गवत मुळासकट काढलं. मुळं चिवट, बोटं सोलली. मग झाडून घेतलं. धूळ उडू नये म्हणून शेणाचा सडा टाकला. रांगोळी काढायचा विचारही मनात आला होता, पण एवढं बरं दिसणार नाही म्हणून राहू दिली. माझ्यात तेवढी समज आहे. निघालेल्या गवताचे चार भारे झाले, ते अक्काच्या मेंढरांच्या वाड्यात नेऊन टाकले. तिच्या दोन मेंढ्या नुकत्याच व्यायल्या होत्या.

बांधावर उभी राहून मी मागं वळून बघितलं. गुडघाभर गवतात चार स्वच्छ चौकोन. डोक्यावर चाई पडावी तसे. तेव्हा मला ते फार सुंदर वाटले.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आलीच नाही. तिला दुसऱ्या तालुक्यात जावं लागलं होतं. तिच्याऐवजी दोन माणसं आली, गडबडीत असलेली. शेतातले चौकोन मोजून ते माळावर चढले. मी पदर सावरून मागं उभी.

एकजण म्हणाला, "अरे, आत काहीच नाही. बाजूला तर गवत आहे."

"चौकोन हलवायचे नाहीत, नियम आहे," दुसरा म्हणाला. "खुंट्यांच्या आत जे असेल तेच."

मग पहिल्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "हे असंच होतं का, मावशी?"

हा प्रश्न मी अजून कधीकधी ऐकते. एवढंच म्हणायचं होतं, न्हाय, मी झाडलं. तीन शब्द. पण तोवर मला त्यांच्या तोंडाकडं बघून काहीतरी चुकलंय एवढं कळलं होतं, आणि चुकलंय हे कळलं की माझी मान सर्वांत आधी हलते. वर-खाली.

"शून्य," त्यानं लिहिलं. चार वेळा. मग पोलादी नळी ठोकून माझ्या सडा टाकलेल्या जागेची माती पिशवीत भरून घेतली.

माघात गावात बातमी आली की माळाला कुंपण पडणार, त्यासाठी सभा होणार. अक्का माझ्या घरी आली ती दारातूनच सुरू झाली.

"ऐकलंस व्हय गं? म्हणं माळावर गवताची काडी न्हाय! कागदात लिवून आलंय. वसाड हाय म्हणं, मग झाडं लावणार, तार ठोकणार, पाच वर्सं मेंढरू आत सोडायचं न्हाय."

"चा टाकते," मी म्हणाले.

"काडी न्हाय तर माझी मेंढरं इतकी वर्सं काय खात हुती? पेपर? कुनी डोळं फुटलेल्यानं मोजलंय कुणास ठावं. पाच वर्सं मी मेंढरं कुटं नेऊ? इकू? इकून मग काय करू, तुज्यासारखी घरात बसून भिंती झाडू?"

मी चहा टाकला. तिनं तो पिऊन पुन्हा तेच सांगितलं. मी पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा आधण ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "तुला आज झालंय काय गं? इतकी साखर कुटून आली घरात?" मी चुलीकडं तोंड करून उभी. 

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ह्यांना पहिल्यांदा काही कळेचना.

"माळ झाडलास म्हंजे?"

"झाडला. सडा पण टाकला."

हे इतके हसले की ठसका लागला, मला पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन म्हणाले, "मग सांग की सभेत उटून."

"तुमीच सांगा की."

"मी का? मी झाडला व्हय?"

त्या मुलीचा नंबर माझ्याकडं कागदावर होता. सभेच्या आधी तीन वेळा लावला. तिन्ही वेळा तिनं "हॅलो" म्हटलं आणि मी फोन ठेवून दिला. चौथ्यांदा तिनंच लावला. "कोण बोलतंय?" मी म्हणाले, "राँग नंबर." तिनं लावलेल्या फोनवर, तिलाच.

सभा शाळेच्या व्हरांड्यात झाली. बायका मागं, मी बायकांच्या मागं, खांबाला टेकून. ती मुलगी कागद घेऊन उभी होती. तिनं चौकोन, वजन, आधी, नंतर सगळं समजावून सांगितलं. मग म्हणाली, "मला स्वतःला तिथं गवत बघितल्याचं आठवतंय. पण आकडा शून्य आलाय. आकड्याच्या जागी आठवण लिहिता येत नाही. कागदावर हा माळ 'इतर'मध्ये जातो. म्हणजे रिकामी जमीन."

सरपंच म्हणाले, "मंग झाडं लावायला हरकत न्हाई."

अक्का उठली. "हरकत न्हाई कशी? माझी मेंढरं हाईत की तितं!"

तेव्हा पुढं बसलेला एकजण म्हणाला, "मेंढरं हाईत म्हणूनच गवत न्हाई, अक्का. दिवाळीलाच काडी उरली न्हाई म्हंजे तुझ्या मेंढरांनी मुळासकट खाल्लं. माळाचं वाटोळं केलं तूच."

लोक हसले. दोघं-तिघं "खरं हाय" म्हणाले. मी अक्काकडं बघत होते. तिच्या तोंडून उत्तर येईल म्हणून मी वाट बघत राहिले. आलं नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी अक्काला गप्प झालेली पहिल्यांदा बघितलं. ती खाली बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. ते माझं काम आहे. मी करते तसं.

मी उभी राहिले. उभं राहिल्यावर आठवलं की बोलावंही लागतं.

"मी..." म्हणाले. कुणी ऐकलं नाही. सरपंच पुढचा विषय काढत होते. "मी झाडला," म्हणाले. शेजारची म्हातारी म्हणाली, "खाली बस की गं, दिसंना झालंय." मग काय झालं मला माहीत नाही. पोटातून आवाज आला आणि तो एवढा मोठा होता की मीच दचकले.

"माळ मी झाडला!"

सगळे वळले. सरपंच म्हणाले, "काय झाडलं?"

"माळ. चार चौकोन. पाव्हणं येणार म्हणून. गवत काढलं, केर काढला, सडा टाकला. मेंढरांनी न्हाई खाल्लं. मी काढलं."

व्हरांड्यात जो हशा झाला तो शाळेच्या मैदानापलीकडं गेला असेल. कुणीतरी विचारलं, "तोरण पण बांधलंस का?" ती मुलगी मात्र हसली नाही. ती माझ्याजवळ आली. "काकू, सडा म्हणजे शेणाचा?" मी मान हलवली. "मातीचे नमुने घेतले त्याच जागी?" मी मान हलवली. तिनं कपाळाला हात लावला. शेणामुळं मातीही वाया गेली होती.

"निघालेलं गवत कुठं आहे? ते असेल तर अजून वजन करता येईल."

मी अक्काकडं बघितलं. अक्काच्या तोंडावर हळूहळू उजाडत गेलं.

"ते चार भारे? दिवाळीत माझ्या वाड्यात टाकलंस ते?" तिचा आवाज परत आला होता. "अगं बया! मला वाटलं माझ्या मायेनं आणलंस! ते मेंढरांनी केव्हाच खाल्लं की!"

"म्हंजे पुरावा पन मेंढरांच्याच पोटात," सरपंच म्हणाले आणि पुन्हा हशा झाला. पण आता अक्काही हसत होती, आणि मगाशी बोललेला माणूस खाली बघत होता.

त्या मुलीनं सगळ्यांसमोर कागदावर आडवी रेघ मारली. हे मोजमाप धरता येणार नाही, म्हणाली. नवे चौकोन टाकावे लागतील, आणि गवत पुन्हा पावसाळ्यानंतरच मोजता येईल. तोवर कुंपणाचं ठरवू नका. सरपंचांनी ते मान्य केलं.

"आणि नव्या चौकोनांकडं कोण बघणार?" तिनं विचारलं.

मी खांबामागं सरकले.

"काकूच बघतील," ती म्हणाली. "पण काकू, या वेळी काहीही करायचं नाही. काही म्हणजे काही नाही. कळलं?"

तेव्हा सोपं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच काही न करण्याचं काम मिळालं होतं. पण ते वर्ष मी कसं काढलं ते मलाच माहीत. आषाढात एका चौकोनात टाकळा उगवला. तण आहे, काढावं वाटलं, हात पाठीमागं बांधून घरी आले. श्रावणात एका चौकोनात कागदाची पिशवी उडून पडली, तीन दिवस जेवण गेलं नाही. भादव्यात एक खुंटी वाकडी झाली. वाकडी खुंटी नुसती बघत उभं राहणं काय असतं ते ज्यानं अंगण झाडलेलं नाही त्याला कळणार नाही. शेवटी मी फोन लावला. "हॅलो" आलं. या वेळी ठेवला नाही.

"खुंटी वाकडी झालीया," मी म्हणाले. "मी हात लावला न्हाई."

 मग ती म्हणाली, "राँग नंबरवाल्या काकू का?"

दिवाळीनंतर ती स्वतः आली. पहिल्या चौकोनापाशी बसून तिनं विळा माझ्याकडं दिला. "घ्या. आता जमिनीलगत कापा." मला कापवेना. वर्षभर नजरेनं राखलेलं गवत. अक्का बांधावरून ओरडली, "झाड की आता! तवा तर लई हुरूप हुता!" मी कापलं. काडी-काडी वेचून पिशवीत भरली. ती काट्याला अडकवल्यावर काटा खाली गेला, तेव्हा मीही जरा खाली वाकून बघितलं. गवताला वजन होतं.

मातीचा निकाल यायला उन्हाळा उजाडला. माळ 'इतर'मधून निघून 'गवताळ'मध्ये गेला. झाडं आता रस्त्याच्या कडेनं आणि ओढ्यालगत लावायची ठरली आहेत, माळाला तार नाही. आमच्या शेतातल्या मातीत मात्र माळापेक्षा बरंच कमी निघालं. म्हणजे आम्ही नांगरलं तेव्हा तेवढं हवेत गेलं. किती गेलं तो आकडा ती मुलगी सांगत होती, पण तो नक्की नसतो, अंदाज असतो, असंही म्हणाली. ह्यांना ते लागलं. "माळ वाचवलास आणि मला चोर ठरवलंस," म्हणाले. बारा वर्षं तूर खाल्ली ती गेली कुठं, असंही पुटपुटले. मी चहा टाकला.

जुन्या चार चौकोनांत, जिथं मी सडा टाकला होता, तिथं या पावसात गवत सगळ्यांत हिरवं उगवलं. ते कधीच मोजता येणार नाही, ती मुलगी म्हणते, कारण त्यात माझी लुडबुड झाली आहे. मेंढरांना हे कुणी सांगितलेलं नाही. अक्कानं सोडली की ती आधी सरळ त्या चार जागांवर जातात. अक्का बांधावरून मला हाक मारते, "ए, तुझी रांगोळी खायला लागली बघ!" आणि मी घरातून, दारात न येताच, पण तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणते, "खाऊ दे!"